रात्रपाळीची चावी

जामनेरच्या भुसावळ रस्त्याला एका जिनिंगचा मालक होता. धनतेरसला त्यानं दोन कुलपं बदलली : एक फाटकाचं, दुसरं ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं, म्हणजे विंडोजचा पासवर्ड. काम सोडून गेलेल्या मुनिमाला दोन्ही ठाऊक होती, तेव्हा बदल रास्तच. फाटकाची नवी चावी काटेवाल्याला दिली, हमालांच्या मुकादमाला दिली. पासवर्ड नव्या मुनिमाच्या कानात सांगितला. बारा दिवस सगळं सुरळीत चाललं.

तेराव्या दिवशी संध्याकाळी लाईन गेली. इन्व्हर्टरनंही मान टाकली. तासाभरानं लाईन आली, नव्या पासवर्डनं कॉम्प्युटर उघडला, पण काटापट्टी निघेना. वजनं ज्या डेटाबेसात साठतात तो चालवणारी एसक्यूएल सर्व्हर ही सर्व्हिस सुरूच होत नव्हती. ‘स्टार्ट’ दाबलं की पडद्यावर एक चौकट यायची, तिच्यात १०६९ हा आकडा आणि एक ओळ. मुनीम ती न वाचताच ‘ओके’ दाबायचा. असं सात वेळा झालं. तोवर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर गेलेली. रात्री दव पडणार, आणि ओल्या कापसाला भाव कोण देतो?

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. वायरमन म्हणाला, अर्थिंग गेलं. चहावाल्याचा पोरगा म्हणाला, व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. तिसरा म्हणाला, “काढून परत टाका ना भो, दहा मिनिटांचं काम.” मुनिमाचं बोट ‘अनइन्स्टॉल’वर टेकलंही होतं. मालकानं ते धरलं. शेतकऱ्यांचं सगळं देणं त्याच डब्यात होतं. शहाणपण म्हणा की भीती, हात वेळेवर धरला हे खरं.

सकाळी पाचोऱ्याहून एसटीनं दुरुस्तीवाली ताई आली. तिनं आधी डेटाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढली आणि मग सर्व्हरची रोजनिशी, म्हणजे एररलॉग, उघडली. शेवटची नोंद लाईन जाण्याआधीची, त्यापुढं काहीच नाही.

“वही कोरी! म्हणजे डाटा गेला,” मुनीम कपाळाला हात लावून म्हणाला.

रात्रभर जागलेला वॉचमनबाबा दारात उभा होता. म्हणाला, “कोरी हाये म्हणजे तो आतच आला नसंल, ताई. फाटकावरची वही पाहा.”

ताई हसली. ती तेच उघडत होती. सर्व्हिसला आत सोडायचं की नाही हे विंडोज ठरवते, आणि तिची नोंदवही वेगळी : इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टीम लॉग. तिथं ७०३८ क्रमांकाची नोंद स्वच्छ लिहिलेली होती. ही सर्व्हिस मालकाच्या नावानं आत यायला बघत होती आणि तिच्याकडचा पासवर्ड चालत नव्हता. बसवणाऱ्यानं आळसानं तिला मालकाचंच खातं दिलेलं. चालत्या सर्व्हिसला कोणी पासवर्ड विचारत नाही, म्हणून बारा दिवस निभावलं. थांबून पुन्हा उठायची वेळ आली, तेव्हा जुनी चावी लागेना.

“सगळ्यांना सांगितलं,” ताई म्हणाली, “जो न बोलता राबतो त्याला सांगायचं राहिलं. आणि त्यानं काल सात वेळा तक्रार केली, ती कोणी वाचली नाही.”

सर्व्हिसला तिनं स्वतंत्र खातं करून दिलं आणि ‘स्टार्ट’ दाबलं. सर्व्हरनं उठल्याउठल्या आपला हिशेब लावला : पुरे झालेले व्यवहार राखले, लाईन जाताना अर्धवट राहिलेला मागे घेतला. पहिली काटापट्टी निघाली. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाले.

मालकानं वॉचमनबाबाला विचारलं, “बाबा, तुम्हाला कॉम्प्युटरातलं कसं काय कळलं?”

“कॉम्प्युटरातलं मले काय कळतं शेठ,” बाबा गुडघा चोळत म्हणाला. “नवी चाबी मले तरी कुठं दिली? धनतेरसपासून भितीवरून उतरी ऱ्हायलो.”

मालकानं कमरेचा जुडगा सोडला.