कुणाला लागलं नाही, म्हणून सुटलो?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७.

हा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. अप्रेझलच्या दिवसांत तर व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही. मीही तो कायम दिलासा म्हणूनच वाचत आलो. मेहनत केली, यश नाही आलं, जाऊ दे, फळ काही आपल्या हातात नसतं. पण गेल्या महिन्यात मुरगूडला घरी गेलो आणि आमच्या ट्रकखाली पाठीवर पडल्यापडल्या याच श्लोकाची दुसरी बाजू दिसली. ती दिलासा देणारी नव्हती.

आधी ट्रकचं सांगतो. आबांचा सहा चाकी ट्रक आहे. सीझनला ऊस, एरवी मिळेल तो माल. मी पुण्यात असतो, पण हप्ते आणि दुरुस्तीचा खर्च माझ्याकडे, त्यामुळे कधी काय दुरुस्त करायचं हेही मीच ठरवतो. गाडीवर जे मामा आहेत ते मी कॉलेजात असल्यापासून आहेत. जानेवारीत त्यांनी मला फोन केला. "दादा, पुढं खडखडतंय. ब्रेक मारला की गाडी डावीकडं वडतीया. बुश गेल्यात बघा." मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "मामा, सीझन संपू दे, मग एकदमच करू. चालतंय ना तोवर?" ते म्हणाले, "चालतंय म्हणा."

ज्यांनी ट्रक खालून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडीचं वजन पोलादी पाट्यांवर असतं. पाट्याचं टोक गोल वळवलेलं असतं. त्या भोकातून जाड पिन जाते. पिन आणि पाटा यांच्यामध्ये एक धातूची नळी बसते, तो बुश. पाटा दबला की लांब होतो, म्हणून त्याच्या एका टोकाला झुलणारं शॅकल असतं आणि तिथे दोन पिना लागतात. पुढच्या दोन पाट्यांचे मिळून ६ बुश. बुश मुद्दाम पिनपेक्षा मऊ धातूचा करतात, म्हणजे झिजायचं तर त्यानं झिजावं, पिन आणि पाटा वाचावेत. पण तो फार झिजला की पिन भोकात खेळायला लागते आणि अख्खा ॲक्सल जागचा हलतो. दोन ॲक्सलच्या ट्रकला २०१८ पासून मालासकट १८.५ टनांची मुभा आहे, आधी १६.२ होती. एवढं वजन पळत असताना पुढचं चाक बोटभर जरी आपल्या मनानं वळलं तर काय होईल, याचा विचार मी त्या मीटिंगमध्ये केला नाही.

फेब्रुवारीत ते होता होता राहिलं. उसानं भरलेली गाडी, संध्याकाळची वेळ. पुढे कुत्रं आलं म्हणून मामांनी ब्रेक मारला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. कडेनं एक पोरगा दुधाच्या किटल्या लावून सायकलवरून चालला होता. मामांनी जीव खाऊन स्टेअरिंग ओढलं. पोरगा वाचला, किटली सांडली. मामांनी खाली उतरून त्याला दुधाचे पैसे दिले. मला हे आबांनी फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "देवाची कृपा, कुणाला लागलं न्हाई." मीही मनापासून हात जोडले. आणि खरं सांगतो, दहा मिनिटांत परत लॅपटॉप उघडला. कुणाला लागलं नाही ना? मग विषय संपला.

मार्चअखेर सीझन संपला तेव्हा घरी गेलो. आबांचं म्हणणं, बुश घरीच बदलायचे. पूर्वी ते स्वतःच करायचे. परड्यात सपाट जागा बघून गाडी लावली, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. चासीखाली जॅक लावून पाट्यावरचा भार उतरेपर्यंत गाडी उचलली आणि मग लाकडी ठोकळे रचले. "नुसत्या जॅकवर कधी इस्वास ठेवायचा न्हाई," आबा म्हणाले. "त्यो खाली बसायच्या आधी सांगत न्हाई."

पिन अडकवणारा बोल्ट निघाला, पण पिन काही केल्या हलेना. घण घालून घालून आमचे हात भरून आले. आबा चिडले आणि मामांवर घसरले. "ग्रीस मारलं असतंस तर ही पाळी आली असती का?" मामा हळूच म्हणाले, "मालक, दर आठवड्याला मारलंय." आबांना ते पटलं नाही. अखेर पिन सुटली. बुश एका बाजूनं कागदासारखा पातळ झालेला. पिनच्या आतून ग्रीस जायला एक बारीक भोक असतं. मी त्यात तार घातली तर आत जाईना. जुनं ग्रीस आणि माती वाळून तिथे दगड झाला होता. मामा बाहेरून गन मारत होते, ग्रीस निपलच्या कडेनं बाहेर येत होतं, आत थेंब जात नव्हता. ते आपलं काम करत होते. खडखड सुरू झाल्यावर त्यांनी सांगितलंही होतं.

आबा काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि तिघांसाठी चहा घेऊन आले.

मी मात्र तिथेच बसून राहिलो. मामांनी काम केलं, पण बुश गेला, म्हणून ते दोषी ठरले. मी काम टाळलं, पण पोरगा वाचला, म्हणून मी सुटलो. दोघांचाही निवाडा आम्ही फळ बघून केला आणि दोन्ही निवाडे चुकले. फळावर आपला अधिकार नाही असं मानायचं, तर ते दोन्हीकडून मानायला हवं. वाईट फळ आलं म्हणून चांगलं कर्म वाईट होत नाही, हे आपण आनंदानं म्हणतो. पण चांगलं फळ आलं म्हणून माझा हलगर्जीपणाही माफ होत नाही, हे म्हणताना जीभ अडखळते. ते फळ माझं नव्हतंच. ते मामांच्या हातांचं होतं, त्या पोराच्या नशिबाचं होतं, देवाचं होतं. मी ते माझ्या खात्यात कसं जमा करणार?

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. प्रॉडक्शनमध्ये बग आहे, आपल्याला माहीत आहे, पण अजून कुणाची तक्रार नाही. म्हणून कोड बरोबर ठरतो का?

या श्लोकाचा चौथा चरण आपण फारसा बोलून दाखवत नाही. न करण्याचीही ओढ लागू देऊ नकोस, असं तिथे अर्जुनाला सांगितलं आहे. मी त्याचा अर्थ आळशी बसू नये एवढाच घेत होतो. पण मी आळशी नव्हतो, त्या दिवशी बारा तास काम केलं होतं. 'सीझन संपू दे' हेसुद्धा न करणंच होतं, फक्त त्याला प्लॅनिंगचे कपडे घातले होते. चौदाव्या अध्यायात तमोगुण कशानं बांधतो ते सांगताना आळस आणि झोप यांच्याही आधी प्रमादाचं नाव येतं. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, कळत असून केलेली हयगय. सतत बिझी असलेल्या माणसालाही तो गाठतो.

मग फळाला काहीच अर्थ नाही का? आहे. त्या पोराला काही झालं असतं तर त्याच्या आईचं जग संपलं असतं, आणि 'फळ आपल्या हातात नाही' हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नसती. अमावस्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जाणारी किती तरी माणसं याच भागातल्या रस्त्यांवरून जातात. फळानं त्यांचं आयुष्य बदलतं, म्हणूनच तर कर्म आधी नीट करायचं. पण मी कसा वागलो याचं माप त्या फळात नाही. ते जानेवारीतल्या त्या फोनमध्येच ठरलं होतं, ब्रेक दाबायच्या किती तरी आधी.

हे कळल्यावर नुसतं कुढत बसणं हेही पुन्हा न करणंच. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. मामांना म्हटलं, "चूक माझी होती. तुम्ही सांगितलं होतं." ते संकोचून हसले, "असू द्या दादा, आता बसवू या." आणि मग बसवलं. लांब बोल्ट, पाइपचा तुकडा आणि जाड वॉशर लावून जुने बुश ओढून काढले, भोकं पॉलिश पेपरनं साफ केली, नवे दाबून बसवले, पिन हातानं सरकेल एवढं रीमर फिरवलं. पिना नव्या घातल्या. भार उतरलेला असतानाच ग्रीस मारलं, कारण वजन असलं की दाबलेल्या बाजूला ते पोचत नाही. यावेळी निपलकडे न बघता पिनच्या दोन्ही कडांना बघत बसलो. तिथून ग्रीस बाहेर आलं तेव्हाच गन खाली ठेवली. ६ बुशांना दोन दिवस लागले.

संध्याकाळी मामा वेदगंगेच्या पुलापर्यंत गाडी फिरवून आले. "सरळ थांबतीया," एवढंच म्हणाले.

आजचा संकल्प छोटासा ठेवू. आपल्या आयुष्यात 'चालतंय ना' म्हणून ढकललेली एखादी गोष्ट शोधा, जिच्यामुळे धोका दुसऱ्या कुणाला आहे. घरातली उघडी वायर असेल, आईची लांबवलेली तपासणी असेल, टीममधल्या कुणी तरी दोनदा सांगितलेली अडचण असेल. अजून काही झालं नाही, याबद्दल देवाचे आभार जरूर माना. पण आधी त्या माणसाला फोन करा.

राम कृष्ण हरी! 🙏