पोरगं तुमचा दुभाष्या नाही

खाली बसा. मोबाइल उलटे ठेवा. तुमच्यातल्या निम्म्यांना पुण्यात अकरावी-बारावीला जर्मन मीच शिकवलं आहे. उरलेल्यांनीही आजच्या पुरतं मला बाई समजावं. ‘स्टुटगार्ट कसं वाटलं ते दोन शब्दांत सांगा’ असं तुम्ही म्हणालात. छान वाटलं. द्राक्षमळे थेट शहराच्या मध्यापर्यंत उतरत येतात, असं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. झाले दोन शब्द. आता तुमच्याबद्दल बोलते.

मिसळ संपेपर्यंत तुम्ही या देशाची जी उणीदुणी काढलीत, ती मी मुकाट्यानं ऐकली. माणसं थंड आहेत. शेजारची म्हातारी टपूनच बसलेली असते. रविवारी साधं दूध मिळत नाही. घरात टीव्ही नसला तरी महिन्याला 18.36 युरो प्रसारणाचे भरायचे. डॉक्टरची तारीख मिळता मिळत नाही. यातलं काही खरं आहे. डॉक्टरच्या तारखेवर तर जर्मन लोकही वैतागलेले आहेत. पण एवढ्या वेळात तुमच्यातल्या एकाच्याही तोंडून शेजाऱ्याचं नाव आलं नाही. ‘ती म्हातारी’, ‘खालचा टकलू’, ‘तो कचऱ्यावरून बोलणारा’. एका जिन्यावर इतकी वर्षं राहून नाव माहीत नाही? घंटीवर लिहिलेलं असतं, बाबांनो. या देशात घंटीवर आणि पेटीवर आडनाव नसेल तर टपालसुद्धा परत जातं.

पण ते राहू दे. मला राग आला आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

तुमच्या मुलांना तुम्ही दुभाष्याच्या नोकरीला लावलं आहे, तेही बिनपगारी. घरमालकाचं पत्र आलं की हाक कोणाला? तिसरीतल्या पोराला. शाळेत पालकसभा असते तेव्हा आई एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पोरगं, शिक्षिका काय म्हणते ते सांगायला. ती त्याच्याबद्दलच बोलते आहे ना? मग ते सांगणार, ‘सगळं छान चाललंय म्हणाल्या’. तुम्ही मान डोलावता. त्या बाई गणिताबद्दल काय सांगत होत्या ते मला त्यांच्याकडूनच कळलं, कारण मी त्यांना विचारलं. जर्मनमध्ये. आणि तुमच्यातल्या एका घरात आईच्या पाळीच्या तक्रारी डॉक्टरला सांगायला दहा वर्षांच्या मुलीला नेलं होतं. हे तुम्ही हसत हसत, कौतुकानं सांगितलंत! ‘किती स्मार्ट आहे आमची!’ स्मार्ट आहेच ती. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही, हेही तुम्हीच सांगितलंत, पण दुसऱ्या वाक्यात.

मुलाला घराचं भाडं थकल्याचं, आईच्या दुखण्याचं, बाबांना आलेल्या दंडाचं आधी कळायचं आणि आईबापांना त्याच्याकडून. हे कोणत्या घरात चालतं? मग तेच पोर बारा-तेरा वर्षांचं झालं की आईबापांना गप्प करायला शिकतं. शिकणारच. तुम्हाला या देशात काहीच कळत नाही, याचा पुरावा त्याच्या हातात तुम्हीच दिलेला असतो.

आता तुमची उत्तरं मला पाठ आहेत. ‘बाई, ऑफिसात सगळं इंग्रजीतच चालतं.’ चालत असेल. फॉयरबाख, ब्योब्लिंगेन, झिंडेलफिंगेन इथे गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना मीटिंगपुरती इंग्रजी पुरते. पण तुम्ही ऑफिसात राहत नाही. दुसरं उत्तर, ‘बाई, कायमचा परवाना मिळाला की आता लागतंय कशाला!’ हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्याला, 27 महिन्यांनंतर ए 1 पातळीवर कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. बी 1 असेल तर 21 महिन्यांत. तुम्ही हिशोब मांडलात आणि ए 1 करून सहा महिने जास्त थांबलात. म्हणजे सरकारनं सवलत दिली ती तुम्ही अभ्यास टाळायला वापरलीत. ए 1 म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. स्वतःचं नाव, गाव, वय आणि ‘मला एक कॉफी हवी आहे’. एवढ्या भांडवलावर तुम्ही या देशात म्हातारे व्हायला निघालात?

एक गोष्ट मात्र पदरचं वर्ष न घालवता समजायला हवी होती, कारण ती आपल्याच घरची आहे. बारावीला मार्क चढतात म्हणून तुम्ही मराठी सोडून माझ्या वर्गात जर्मनला येऊन बसलात. मार्क मिळाले. नव्वदच्या पुढे मिळाले. परीक्षा संपली आणि जर्मनही संपलं. आता पोरांना मराठी येत नाही म्हणून हळहळता, आणि स्वतःला जर्मन येत नाही त्याची खंत नाही. मी तुम्हाला तेव्हाही म्हणत होते की विभक्त्या पाठ करून भाषा येत नसते, दुकानात जाऊन तोंड उघडावं लागतं. तोंड उघडायला लाज वाटते ना? चुकीचा आर्टिकल लागला तर? लागू दे. बेकरीतली बाई तुमचे मार्क कापत नाही.

आणि सुट्टीत पुण्याला आलात की कोथरूडच्या कट्ट्यावर हीच तोंडं काय बोलत असतात? ‘दहा-दहा वर्षं महाराष्ट्रात राहतात, चार शब्द मराठी शिकत नाहीत.’ रिक्षावाला हिंदीत बोलला तरी तुमच्या कपाळाला आठी. मी तुमच्याशी सहमत आहे; जिथलं खातो तिथली भाषा शिकावी. मग ती आठी इथे का नाही? स्टुटगार्टच्या ट्राममध्ये शेजारी बसलेला इथला श्वाबियन म्हातारा तुमच्याकडे पाहून तसाच विचार करत असेल, फक्त तो तोंडावर बोलत नाही. तुम्ही त्यालाच थंड म्हणता.

मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे 1928 साली बर्लिनला गेल्या तेव्हा खिशात भाषांतराचं यंत्र नव्हतं. तिथे त्यांनी माणसाच्या कवटीच्या असममितीवर जर्मनमध्ये प्रबंध लिहिला, आणि त्यांच्या मार्गदर्शकाला, ऑयगेन फिशरला, वंशश्रेष्ठत्वाचं जे सिद्ध करून हवं होतं ते मोजमापांतून निघत नाही असं त्याच्याच संस्थेत बसून मांडलं. परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या गुरूला! तुम्हाला कचऱ्याच्या डब्यावरून शेजारणीशी दोन वाक्यं बोलवत नाहीत.

शेजारणीचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. जिन्याच्या दारावर आठवड्याची पाटी लटकते, ती केअरवोखेची. पाळीपाळीनं जिना आणि दारापुढची वाट झाडायची. या भागात ही चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस, काउंट एबरहार्डच्या काळापासूनची मानतात. शहरानं कायद्यातली सक्ती 1988 मध्ये काढली, पण भाडेकरारात ती अजून असते आणि त्या करारावर तुमची सही आहे. सही केलीत ती न वाचता. मग म्हातारीनं पाटी तुमच्या दारावर लावली की ‘आम्हाला मुद्दाम त्रास देते’! तिनं सत्तर वर्षं हा जिना झाडलाय. तुमचा रंग पाहून तिनं पाटी छापून आणलेली नाही.

रविवारचंही तसंच. रविवारची विश्रांती 1919 च्या वायमार राज्यघटनेच्या 139 व्या कलमात आहे आणि 1949 च्या राज्यघटनेनं ते कलम तसंच्या तसं घेतलं. म्हणजे गणपतीच्या मखरासाठी रविवारी दुपारी भिंतीत ड्रिल लावलंत तर तुमच्याविरुद्ध एकटी शेजारीण उभी नसते. काचेच्या बाटल्यासुद्धा रविवारी डब्यात टाकत नाहीत, खळखळ होते म्हणून. शनिवारी खिळा ठोका. दूधही शनिवारी आणा. आपल्याकडे सोमवारी कटिंग सलून बंद असतं तेव्हा कोणी देश सोडून जात नाही.

भिंतीवरच्या बुरशीचं सांगते आणि हे नीट ऐका, कारण यात पैसे जातात. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. तुम्ही कुकर लावता, फोडण्या घालता, कपडे खोलीत वाळत टाकता आणि खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवता. भिंत गार पडते, वाफ तिच्यावर बसते, काळं धरतं. खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, हीटर बंद करून. मग पुन्हा बंद. घरमालकानं दिलेल्या कागदावर हे लिहिलेलं होतं. तो कागद मी एका घरात डब्याखाली अंथरलेला पाहिला.

तसंच पिवळं पाकीट. सरकारी नोटीस पिवळ्या पाकिटातून येते आणि पोस्टमन त्यावर तारीख घालतो, कारण मुदत त्या दिवसापासून मोजतात. दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायला दोन आठवडे असतात. तुम्ही ते पाकीट ‘वीकेंडला बघू’ म्हणून फ्रिजवर ठेवता, आणि वीकेंडला ते कोण वाचतं? परत तेच पोरगं.

आता नवरेमंडळींनी मान वर करावी. तुमच्यातल्या एकाची बायको दाताची डॉक्टर आहे. पुण्यात दवाखाना चालवत होती. इथे येऊन ती डबे भरते, पोरांना शाळेत सोडते आणि बागेतल्या बाकावर घरी व्हिडिओ कॉल करते. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करायची मुभा आहे. अडवणूक परवान्याची नाही. तिला लागतं ते बी 2 पातळीचं जर्मन, मग सी 1 पातळीची वैद्यकीय भाषेची परीक्षा, मग पदवीची तपासणी, आणि तीत कमी भरलं तर ज्ञानाची परीक्षा. लांबचा रस्ता आहे, मान्य. म्हणूनच आल्याआल्या धरायचा होता. तिच्या क्लासची वेळ संध्याकाळची, आणि संध्याकाळी तुमचा जिम असतो. ‘तिलाच नकोय हो बाई’ असं तुम्ही तिच्यासमोर म्हणालात, तेव्हा ती ताटं उचलायला आत गेली. मी पाहिलं. तुम्ही पाहिलं नाहीत.

शाळेचं थोडक्यात. इथे हजेरी सक्तीची आहे. विमानाचं तिकीट स्वस्त मिळतं म्हणून सुट्टीच्या आधीच निघायचं आणि ‘मूल आजारी आहे’ असं कळवायचं, हे बंद करा. 2018 साली बव्हेरियात मेमिंगन विमानतळावर पोलिसांनी अशाच कुटुंबांना हटकलं होतं. दंडाचं सोडा, खोटं बोलायला पोरालाच पढवावं लागतं. आणि चौथीनंतर गिम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, की दुसरी शाळा हे इथे ठरतं. त्यासाठी शिक्षकांचं मत, चाचणीचा निकाल आणि तुमची इच्छा यांतल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात. त्या संभाषणात मुलाला दुभाष्या म्हणून बसवणार आहात का?

मी जर्मनांची वकिली करायला आलेले नाही. घर शोधताना आपलं आडनाव वाचून उत्तरच येत नाही, हे खरं आहे. परदेशी नागरिकांच्या कचेरीत माणूस अंगावर ओरडतो, हेही खरं. गप्प बसा असं मी कधीच सांगणार नाही. भांडा. पण भांडायला शब्द लागतात. भाडेकरूंची संघटना आहे, वर्गणी भरली की वकिलाचा सल्ला मिळतो. तुमच्यातले किती जण सभासद आहेत? हात वर करा. बघा. या देशात सहा लाखांच्या आसपास नोंदणीकृत संस्था आहेत, फुटबॉलपासून मधमाश्या पाळणाऱ्यांपर्यंत. जर्मन माणूस जिन्यात गप्पा मारत नाही, तो या संस्थांत भेटतो. पोराला फुटबॉलला सोडून तुम्ही गाडीत बसून राहता. गाडीतून उतरा. जत्रेच्या दिवशी केक विकायला टेबलामागे माणूस लागतो, तिथे उभे राहा.

शेवटचं बोलते, मग चहा घेऊ. ‘बाई, आम्ही तसे परतच जाणार आहोत.’ कधी? पोरगं पहिलीत होतं तेव्हापासून ऐकते आहे. परत जायचं असेल तर खुशाल जा, पुणे कुठे गेलेलं नाही. तारीख ठरवा आणि मुलांना आजच सांगा. जायचं नसेल तर सूटकेसा कपाटावरून खाली उतरवा आणि खिडकीला पडदे लावा. अधांतरी राहायची चैन तुम्हाला परवडते, मुलांना परवडत नाही.

रोटेब्युलप्लाट्झला फोल्क्सहोखशूल, म्हणजे मोठ्यांची शाळा, आहे. सप्टेंबरात नवं सत्र सुरू होतं, संध्याकाळचे वर्ग असतात. नवरा-बायको दोघांनी नावं घाला, एकदम जमत नसेल तर वार वाटून घ्या. अर्ज जर्मनमध्ये आहे. तो स्वतः भरा.