निगा

'निगा' हा शब्द मराठीत आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तो मुळात फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ नुसती 'नजर' एवढाच होता, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. झाडांची निगा, दागिन्यांची निगा, घरातल्या वृद्धांची निगा. 'देखभाल' आणि 'देखरेख' या शब्दांच्या पोटातही पाहणेच आहे. जे टिकवायचे त्याच्याकडे आधी पाहिले पाहिजे, ही जाण भाषेने जपून ठेवली आहे. मात्र ही नजर कुठवर न्यायची आणि कुठे थांबवायची, हे भाषा सांगत नाही. हा प्रश्न मला पडला तो एखाद्या ग्रंथामुळे नव्हे, तर एका जुन्या मोटारसायकलमुळे. तेव्हा त्या मोटारसायकलविषयी थोडे तपशिलाने लिहिणे भाग आहे.

गाडी बुलेट, ३५० सीसीची, १९८९ सालची. १९५५ मध्ये मद्रासेस एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. पुढे मूळचा इंग्लंडमधील उद्योग बंद पडला, तरी मद्रासेची बुलेट आपले जुने बिडाचे इंजिन घेऊन २०१० च्या आसपासपर्यंत निघत राहिली. या इंजिनाशी घाईने वागता येत नाही. ॲमीटरचा काटा मध्यावर येईतो किक हलकेच दाबायची, डीकॉम्प्रेशनची कळ ओढून दट्ट्या किंचित पुढे सरकवायचा आणि मगच पाय भरून किक मारायची. हा क्रम चुकवणाऱ्याच्या घोट्याला गाडी उलट तडाखा देते. टॅपेट बसवायचे ते इंजिन थंड असताना. पुशरॉड दोन बोटांत धरून पाहायचा. तो गोल फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. इथे मोजपट्टी नाही, बोटांची समज हेच माप. पॉइंटची फट मात्र फीलर गेजनेच मोजावी लागते, कारण मिलिमीटरच्या चार दशांशांच्या आतले अंतर डोळ्याला कळत नाही. चेनमधला सैलपणा सुमारे २५ मिलिमीटर असावा असे सांगतात, परंतु चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून चाक फिरवत जाऊन ती सर्वांत ताठ कुठे होते ती जागा शोधायची आणि माप तिथे घ्यायचे. अजाण माणूस जिथे हात पडेल तिथे मोजतो.

नवशिक्याचा खरा शत्रू आळस नसून भय होय, असे माझे मत आहे. बोल्ट सैल राहील या धास्तीने तो पाना आणखी एक पाव फेरा आवळतो आणि ॲल्युमिनियममधले आटे जातात. मग तो बोल्ट कधीच घट्ट बसत नाही. माझ्या हातून असे दोनदा झाले. माझ्या मिस्त्रींनी दोन्ही वेळा काही न बोलता नवे आटे पाडून दिले. तिसऱ्यांदा मात्र पाना माझ्या हातून काढून घेतला आणि तो टोकाकडे न धरता मध्यावर धरायला शिकवले. दांडा आखूड धरला की माणसाच्या भीतीला जोर कमी मिळतो.

आपल्याकडे 'योगक्षेम' असा जोडशब्द आहे. जे नाही ते मिळवणे हा योग आणि जे मिळाले ते राखणे हा क्षेम, असा त्याचा परंपरागत अर्थ. योगाचे कौतुक फार होते. गाडी घेतली की पेढे वाटतात. क्षेमाच्या वाट्याला वर्षातून एक दिवस येतो. खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुसून पुजावीत, दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालावा, ही प्रथा मला प्रिय आहे. तिची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. त्या दिवशी तरी माणूस चाकाच्या आऱ्यांपर्यंत फडके नेतो, आणि तसे करताना एखादी तुटलेली आरी त्याला दिसून जाते.

या विषयावर लिहिताना रॉबर्ट पर्सिग यांचे नाव टाळता येत नाही. १९६८ साली मुलाला मागे बसवून त्यांनी अमेरिकेत केलेल्या प्रवासातून १९७४ चा तो प्रसिद्ध ग्रंथ निघाला. स्वतःच्या यंत्रात डोकावणारा माणूस आणि डोकावायचे नाकारणारा त्याचा मित्र, असा भेद त्यात आहे. तो मला पटतो. पण पर्सिग यांचा प्रश्न मुख्यतः माणूस आणि यंत्र यांच्यामधला आहे. आपल्या रस्त्यावर तिसरा कुणीतरी नेहमी उभा असतो. झाडाला जुना टायर टांगून बसलेला पंक्चरवाला, ट्रकचा क्लीनर, आणि कधी कधी, बंद पडलेली गाडी घेऊन वाट पाहत असलेला अनोळखी प्रवासी. माझी अडचण या तिसऱ्या माणसापाशी सुरू होते.

२००४ च्या ऑगस्टमध्ये मी मनालीहून लेहला गेलो. अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाला. तेव्हा रोहतांग चढूनच पलीकडे जावे लागे. टांडीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी होती. माझ्या टाकीत चौदा लिटरच्या आसपास पेट्रोल मावे आणि चढावर गाडी लिटरला तीस किलोमीटर देईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून पाच लिटरचा कॅन घेतला. सामान काय न्यायचे याचा विचार मात्र मी दोन महिने करीत होतो. सामानाची यादी करणे म्हणजे संकटांची यादी करणेच असते. ट्यूब घेतली म्हणजे पंक्चर मान्य केले, प्लग घेतला म्हणजे काजळी मान्य केली. आणि प्रत्येक वस्तूला वजन असते. जड वस्तू खाली आणि मध्याजवळ ठेवाव्या लागतात. मागच्या कॅरिअरवर उंच रचल्या तर पुढचे चाक हलके होऊन वळणावर हॅन्डल डुलू लागते. ज्या भीतीपायी माणूस सामान वाढवतो, तीच मग त्याला वळणावर पाडू शकते. अखेर मी ट्यूब, प्लग, पॉइंटचा संच, चेनची जोडकडी आणि एक क्लच केबल एवढ्यावर थांबलो. ही केबल पिशवीत ठेवली नाही. जाणत्या लोकांच्या पद्धतीप्रमाणे ती जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून, दोन्ही टोके बांधून ठेवली, म्हणजे पहिली तुटली की दहा मिनिटांत दुसरी जोडता येते.

बारालाचा ओलांडल्यावर कॅरिअरचा एक टेकू हादऱ्यांनी मोडला. तीन पानांच्या माझ्या यादीत साधी तार नव्हती. एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली, सीटखालून तार आणि जुन्या ट्यूबची पट्टी काढली आणि टेकू असा आवळून दिला की तो पुण्यापर्यंत टिकला. पैसे पुढे केले तेव्हा त्याने माझ्याकडे जरा विस्मयाने पाहिले आणि निघून गेला. त्या रस्त्यावर थांबलेल्या वाहनापाशी न थांबता कुणी पुढे जात नाही, हा अलिखित नियम आहे.

दुसऱ्या दिवशी पांगच्या पुढे, मोरे मैदानाच्या शेवटाकडे, एक तरुण बुलेट घेऊन उभा दिसला. नंबरपट्टी दक्षिणेकडची. नियमाप्रमाणे मी थांबलो. त्याची क्लच केबल तुटली होती आणि त्याच्याजवळ दुसरी नव्हती. समोर तांगलांग ला, ५,३२८ मीटर. लेह सव्वाशे किलोमीटरहून अधिक दूर. माझ्या गाडीवरची जादा केबल जुनीला लागूनच बांधलेली असल्यामुळे त्याला ती दिसली नाही. मी तिचा उल्लेख केला नाही.

त्याऐवजी मी त्याला क्लचवाचून गाडी कशी चालवावी ते शिकवले. उतारावर गाडी ढकलून पहिला गिअर टाकायचा, इंजिनाचा वेग ऐकून गिअर बदलायचा, थांबायच्या आधीच न्यूट्रल शोधून ठेवायचा. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो, त्यामुळे पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते आणि इंजिन गुदमरते. म्हणून त्याच्या कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिपही एक खाच वर घेऊन दिली आणि खाली उतरल्यावर ती आठवणीने पूर्ववत करायला सांगितले. तासभर मी त्याच्यासाठी राबलो. तो मला 'अंकल' म्हणत होता आणि माझे प्रत्येक वाक्य मन लावून ऐकत होता. तीनदा प्रयत्न करून तो निघाला, हात हलवून दिसेनासा झाला.

दोन दिवसांनी तो लेहच्या बाजारात भेटला. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. खिंडीच्या अलीकडे एका वळणावर समोरून ट्रकांची रांग आली, क्लच दाबायची सोय नव्हती, न्यूट्रल सापडला नाही आणि गाडी हिसका देऊन आडवी झाली. ट्रकवाल्यांनीच त्याला आणि गाडीला लेहला आणले. हे सांगून झाल्यावर त्याने माझे आभार मानले. तुम्ही शिकवलेत म्हणून तेवढे तरी येता आले, असे तो म्हणाला.

स्वतःच्या बाजूने मला बरेच बोलता येते. माझी केबल पंधरा वर्षांच्या गाडीवरची, ती कुठल्याही क्षणी तुटली असती. एवढ्या लांबच्या प्रवासाला जादा केबलवाचून निघणे म्हणजे आपल्या निष्काळजीपणाचा भार अनोळखी माणसांवर टाकणे होय. तो तरुण तसा निघाला होता. शिवाय वस्तू दिल्याने एकाची सोय होते, विद्या दिल्याने ती त्याच्याजवळ कायम राहते. यांतला एकही मुद्दा खोटा नाही. पण पहिला खरा असेल तर मी केबल दाखवून नाही म्हणायला हवे होते. दुसरा मला लागू करायचा तर टेकू मोडला तेव्हाच लागू व्हायला हवा होता; तिथे माझा निष्काळजीपणा ट्रकवाल्याच्या तारेने आवळला गेला आणि मी त्याला दैव मानले. तिसऱ्या मुद्द्याविषयी मला सर्वांत अधिक संशय आहे. त्या तासाभरात मी जितके मनापासून शिकवले तितके एरवी कधी शिकवले नसते. केबल लपवायची होती म्हणून ज्ञान इतके उदार झाले.

निगा राखणाऱ्या माणसाचा हा एक विशेष दोष असावा. वस्तूकडे फार बारकाईने पाहण्याची सवय लागली की ती वस्तू आपल्या दक्षतेचे फळ वाटू लागते, आणि दुसऱ्याची गरज ही त्याच्या बेफिकिरीची शिक्षा. मी प्लगवरची काजळी वाचू शकत होतो. त्या मुलाच्या हातमोज्याची फाटलेली बोटे मला दिसली होती, तरी मी ती वाचली नाहीत.

ती केबल पुण्याला परत आली ती न वापरताच. पुढे कितीतरी वर्षे ती गॅरेजमधल्या खिळ्यावर लटकत होती. मागल्या पावसाळ्यात पुन्हा स्पितीकडे जायचे ठरवले तेव्हा काढून पाहिली. आतली तार आवरणाला गंजून धरली होती, ओढली तर हलेना. नवीन आणायला दुकानात गेलो आणि दोन मागितल्या. दुकानदाराने दोन कशाला म्हणून विचारले. दुसरी कुणाला लागली तर, असे मी म्हणालो. घरी येऊन एक गाडीवर ओवताना लक्षात आले की, दुसरी देऊन टाकल्यावर जो माणूस पुढच्या वळणावर उभा असेल, त्याच्यापाशीही मला ही एकच केबल घेऊन थांबायचे आहे.