हेतू, दैव आणि कादंबरीतील माणूस

कथेतील पात्र जे करते ते का करते, हा प्रश्न वरवर लेखनतंत्राचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी भारतीय तत्त्वचिंतनातील एक जुना वाद आहे: माणसाच्या कृतीचा कर्ता नेमका कोण? न्यायदर्शन कृतीची उत्पत्ती एका क्रमाने सांगते. आधी ज्ञान, म्हणजे 'हे आपल्या हिताचे आहे' असा बोध. त्यातून इच्छा, इच्छेतून प्रयत्न आणि शेवटी चेष्टा, म्हणजे शरीराची प्रत्यक्ष हालचाल. पात्राला काय हवे आहे ते आधी ठरवावे, असा जो उपदेश नवोदितांना केला जातो, तो यातील इच्छा तेवढी उचलतो आणि त्या पात्राला जग कसे दिसते हा भाग सोडून देतो. वास्तविक चुकीच्या ज्ञानातून जन्मलेली इच्छाच कथेला अधिक पोसते.

गीतेच्या अठराव्या अध्यायातील विवेचन याहून व्यापक आहे. तेथे प्रत्येक कर्माची पाच कारणे मानली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, करण म्हणजे इंद्रियादी साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी ठरवली आहे. कादंबरीकाराला यातून मिळणारी सूचना अशी की, एकाच हेतूने संपूर्ण उलगडणारे पात्र खरे वाटत नाही, पण सर्व भार दैवावर टाकला तर पात्रच उरत नाही.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' (1959) या पेचाचे चांगले उदाहरण आहे. महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली वार्धक्य येते आणि पुत्र पुरू आपले तारुण्य त्याला देतो. खांडेकरांनी शाप ठेवला, ययातीचा पिता नहुष याच्या मुलांना सुख न लाभण्याच्या शापाची छायाही ठेवली, पण मृत्यूचे भय आणि पत्नी देवयानीशी झालेला विसंवाद यांतून ययातीची भोगलालसा अशी घडवली की, शाप गाळला तरी तो बहुधा तेथेच पोहोचला असता. दैव येथे कारणांपैकी एक उरते, सबब होत नाही.

या कादंबरीच्या शैलीचे मात्र तसे नाही. काव्यशास्त्रात प्रसाद हा गुण, म्हणजे शब्द कानी पडताच अर्थ मनात पसरण्याची शक्ती, सर्व रसांना आवश्यक मानला आहे. वाळलेल्या सरपणात अग्नी पसरावा तसा, असे काव्यशास्त्रकार मम्मट सांगतो. प्रसाद म्हणजे सोपे शब्द नव्हेत (हा गैरसमज फार रूढ आहे), तर अर्थ आणि वाचक यांच्यामध्ये लेखकाने उभे न राहणे. 'ययाति'त ययाती, देवयानी आणि ययातीची प्रेयसी शर्मिष्ठा हे तिघे आपापली कहाणी सांगतात, परंतु तिघांच्याही तोंडी तीच अलंकारप्रचुर, सुभाषितांनी भरलेली भाषा येते. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने रसभंगाचे कारण म्हणून सांगितलेले अनौचित्य, म्हणजे प्रसंगाशी वा पात्राशी न जुळणे, ते हेच. शिवाय हे निवेदक स्वतःच्या हेतूंचे विश्लेषण इतक्या तत्परतेने करतात की, कृतीवरून हेतू ओळखण्याचे वाचकाचे काम संपून जाते. ज्ञानपीठ पुरस्काराने गौरवलेल्या या लेखकाच्या या कादंबरीत पात्रांची प्रेरणा भक्कम आहे. तिचे निवेदन मात्र त्या प्रेरणेवर पुरेसा विश्वास ठेवत नाही.