टरफले टाकलेल्या मुलाचे काय?

खोटे बोलल्याबद्दल रागावलो तेव्हा माझा दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, टिळकांनी टरफलं उचलली नाहीत, कारण त्यांनी शेंगा खाल्ल्याच नव्हत्या. मी तर खाल्ल्यात. मग मी काय करायचं?"

मी निरुत्तर झालो. इथे नासमध्ये मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून आपण भारतातून थोरांची चरित्रे हौसेने आणतो. त्यांतले नायक बहुधा लहानपणापासूनच निर्दोष. चूक न केलेल्याला ती धीर देतात. चुकलेल्याने परत कसे यावे, हे क्वचितच सांगतात.

गांधीजींनी मात्र आत्मकथेत ते सांगितले आहे. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या कड्यातले सोने चोरले. मग चिठ्ठी लिहून वडिलांपुढे कबुली दिली, शिक्षाही मागितली. वडील रडले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली.

दोष सांगितले तर आदर उणावेल, ही भीती खोटी नाही. पण लपवलेला दोष मुलांना पुढे कळतोच, आणि तेव्हा आपल्यावरचाही विश्वास उडतो.

त्या रात्री मुलाला ही गोष्ट सांगितली. मग माझी एक जुनी चूकही सांगितली. ती सांगणे अधिक जड गेले.