मे महिन्यात प्रवाळाकडे जाऊ नये

जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांची लक्षद्वीपमधील स्नॉर्केलिंगची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि ‘मालदीव की लक्षद्वीप’ हा वाद देशभर पेटला. आपल्याकडच्या सुट्टीच्या बेतांनाही तेच वळण लागले. परवाना कसा काढायचा, कोचीहून जहाजाने जायचे की अगत्तीला विमानाने, माणशी खर्च किती येतो, याच्या पलीकडे बोलणे जाईना. त्याच हंगामात लक्षद्वीपभोवतीचे पाणी तापलेले होते. 2023 च्या अखेरीस सुरू झालेली सागरी उष्णतेची लाट उन्हाळ्यापर्यंत टिकली आणि तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगातले चौथे व्यापक प्रवाळ-विरंजन जाहीर केले. जे पाहायला जायचे त्याची प्रकृती कशी आहे, हा प्रश्न मात्र त्या वादात कुणी फारसा विचारला नाही.

मालदीव आणि लक्षद्वीप समुद्राखालच्या एकाच डोंगररांगेवर वसलेले आहेत. तिथला प्रवाळ राष्ट्रध्वज पाहून पांढरा पडत नाही. पर्यटन सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांनी बेटावरच्या माणसाने काय खावे ते सांगितलेले नाही. सनस्क्रीनमधल्या रसायनांची चर्चा योग्य आहे, हवाईने त्यांतल्या दोन रसायनांवर 2021 पासून विक्रीबंदीही आणली आहे. पण पूर्ण बाह्यांचा सदरा घातला की तो प्रश्न बहुतांशी सुटतो. माझे भांडण आहे ते निराळ्याच एका मताशी. ते सुशिक्षितांचे, विज्ञान वाचणाऱ्यांचे मत आहे, म्हणून ते अधिक घातक आहे.

ते मत असे: प्रवाळ मरत आहेत ते तापमानवाढीने. तो निकाल वीजकेंद्रांत आणि तेलविहिरींत लागतो आहे. एखाद्या कुटुंबाने तासभर मुखवटा लावून पाण्यात तरंगल्याने त्यात काय भर पडणार? उलट, संपण्याआधी मुलांना हे वैभव दाखवून आणावे.

यातले पहिले वाक्य खरे आहे आणि पुढचा सगळा निष्कर्ष चुकीचा आहे. प्रवाळाचे मरण आणि प्रवाळाचे परतणे या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि हे मत त्यांची गल्लत करते. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न आणि रंग पुरवते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून एखाद्या अंशाने वर चढून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्या क्षणी तो मेलेला नसतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो. नाही निवले तर मरतो, आणि त्याच्या सांगाड्यावर शेवाळ चढते. मग पोपटमाशांसारखे मासे ते शेवाळ खरवडतात, मोकळ्या झालेल्या खडकावर प्रवाळाच्या तरंगत्या अळ्या येऊन बसतात आणि वसाहत नव्याने उभी राहू लागते. मारण्याचे काम दूरवरचा धूर करतो. परतण्याचे हे दुसरे काम होणार की नाही, ते बऱ्याच अंशी त्या खडकावर, त्या पाण्यात, त्या वर्षी कोण काय करतो यावर ठरते.

लक्षद्वीपनेच हे दाखवले आहे. 1998 च्या विरंजनात तिथला प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेला, आणि पुढच्या वर्षांत अनेक ठिकाणी परत आला. रोहन आर्थर आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनमधले त्यांचे सहकारी तेव्हापासून हे खडक पाहत आले आहेत. तिथले कोळी भर समुद्रात गळाने टूना धरतात, त्यामुळे खडकावरचे शेवाळखाऊ मासे बरेचसे वाचले; परतण्यामागचे ते एक मोठे कारण मानले जाते. पुढे 2010 आणि 2016 ची विरंजने आली. त्यांच्या अभ्यासानुसार अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांभोवतीच्या जिवंत प्रवाळाचे आच्छादन 1998 मधल्या सुमारे 37 टक्क्यांवरून 2022 पर्यंत 20 टक्क्यांच्या खाली उतरले. याच अभ्यासातून दिसले की विरंजनाशिवाय सहाएक वर्षे मिळाली तरच सावरण्याला खरा वेग येतो.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, हे आकडे तर आमच्याच बाजूने बोलतात. बोलतात, हे मान्य. पाणी असेच तापत राहिले तर कोणतीही स्थानिक काळजी पुरी पडणार नाही, हेही मान्य. पण आधी दोन विरंजनांत बारा वर्षांचे अंतर होते, मग सहाचे, मग आठचे. उसंत जितकी आखूड, तितका तिच्यातला प्रत्येक हंगाम मोलाचा. आजारातून उठणाऱ्या माणसाचे दिवस थोडे आहेत म्हणून त्याच्या खोलीत गर्दी करा, असे कुणी म्हणत नाही. ‘संपण्याआधी पाहून घेऊ’ हे वाक्य नेमके तेच म्हणते.

प्रतिपक्षाचा शेवटचा आधार असा, की पाहिल्याने प्रेम जडते आणि प्रेमातून रक्षण होते. मालवणचा अनुभव याला दुजोरा देत नाही. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात प्रवाळ आहेत, आणि अनेक मराठी माणसांनी आयुष्यातला पहिला प्रवाळ तिथेच पाहिला आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिथल्या प्रवाळाला हौशी डायव्हिंगमुळे होणाऱ्या इजेचीच नोंद आहे. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पोहता न येणारा माणूस लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरतो, नाकातोंडात पाणी जाते, तो घाबरतो आणि पायाखाली आधार शोधतो. तो आधार प्रवाळाचा असतो. वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणाऱ्या वसाहतीवर उभे राहून तो मुखवटा नीट करतो. फिन्सच्या फटक्याने उडालेली वाळू शेजारच्या कोवळ्या प्रवाळावर बसते. मासे जवळ यावेत म्हणून पाव आणि बिस्किटे टाकली जातात, आणि शेवाळ खरवडायचे मासे त्यांच्या मागे लागतात. यातले काहीही निरोगी खडकाला मारणार नाही, पण परतू पाहणाऱ्या खडकाची वाट यातली प्रत्येक गोष्ट अडवते.

म्हणून सहलीचा बेत आखताना कोठे जायचे याच्याआधी केव्हा जायचे हे ठरवावे. लक्षद्वीप आणि अंदमानचे पाणी सर्वांत जास्त तापते ते एप्रिल-मेमध्ये, आणि आपल्या मुलांची सुट्टी नेमकी तेव्हाच असते. थायलंडने मे 2016 मध्ये विरंजन होताच आपली अनेक डायव्हिंग-स्थळे पर्यटकांसाठी बंद केली. माया बे हा प्रसिद्ध किनारा तर गर्दीमुळे 2018 मध्ये बंद झाला तो 2022 उजाडल्यावरच उघडला, आणि त्या काळात तिथे छोटे शार्क परत दिसू लागले. आपल्याकडे अशी बंदी येईल तेव्हा येईल. तोवर ती आपली आपण पाळता येते. दिवाळीनंतरचा किंवा नाताळचा काळ निवडावा. मागच्या उन्हाळ्यात तिथे विरंजन झाले का, हे आरक्षणाआधी विचारावे. झाले असेल तर खडक सोडून लगूनच्या वाळूच्या तळावर तरंगावे, तिथे समुद्री कासवे दिसू शकतात. मुखवटा लावून नळीतून श्वास घेणे आणि पाय न टेकता तरंगणे गावातल्या तलावात शिकून मगच निघावे. खडकाच्या माथ्यावर पुरेसे पाणी असावे म्हणून भरतीची वेळ धरावी. राहण्याची जागा निवडताना सांडपाणी कुठे जाते हेही विचारावे, कारण त्यातली पोषकद्रव्ये शेवाळाला बळ देतात आणि सांडपाण्याचा हा परिणाम फिन्सच्या फटक्यांपेक्षा जास्त काळ टिकतो.

मे महिन्याचे आरक्षण आधीच झाले असेल, तर थोडे पैसे बुडाले तरी ते डिसेंबरवर ढकलावे, ही माझी विनंती आहे.