आधी मागच्या बाकावर बसा

नाशिकच्या द्वारका चौकात पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला गेला. लोक मात्र त्यात फारसे उतरले नाहीत. पिशव्या सावरत, रिक्षा-ट्रकमधून वाट काढत ते वरूनच रस्ता ओलांडत राहिले. सोय करणं वेगळं आणि सोय होणं वेगळं.

याच चौकातून आग्रा रोडने आडगावला गेलं की डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय लागतं. पंचवटीतून दिंडोरी रोडला वळलं की म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ सालचं. त्यामुळे डॉक्टर घडवणाऱ्या शिक्षकांना काय शिकवायचं, हा प्रश्न नाशिककरांच्या अगदी दारातला आहे.

माध्यमिक शाळेत शिकवायला बी.एड. लागतं. वैद्यकीय महाविद्यालयात मात्र एम.डी., एम.एस. झालेला माणूस शिकवू शकणारच, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलं. २०१९मध्ये एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि हे गृहीतक उघडं पडलं. आता विद्यार्थ्याला किती पाठ आहे एवढंच बघून भागत नाही. त्याला काय करता येतं, रुग्णाशी तो कसं बोलतो, हेही शिकवायचं आणि तपासायचं आहे. अध्यापकांसाठी तीन दिवसांचा मूलभूत अभ्यासक्रम आहे. पण तो सगळ्यांना एकाच मापाचा. भुयारी मार्गासारखंच : सोय केली, पण झाली नाही. शरीररचनाशास्त्राच्या सरांची अडचण आणि शस्त्रक्रिया विभागातल्या मॅडमची अडचण एक कशी असेल?

मग अध्यापकांच्या गरजा शोधायला प्रश्नावली फिरते. ‘कोणतं प्रशिक्षण हवं?’ संशोधन, सांख्यिकी, संगणक यांपुढे खुणा होतात, कारण बढतीची वाट तिकडून जाते. ‘मला चूक समजावून सांगता येत नाही’ या ओळीपुढे खूण कोण करणार? मुळात ती उणीव ज्याची त्याला दिसतच नाही.

वॉर्डातलं एक नेहमीचं दृश्य घ्या. खाटेभोवती दहा-बारा विद्यार्थी. एकजण स्प्लीन, म्हणजे प्लीहा तपासतो. हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवतो आणि ‘लागत नाही’ म्हणतो. स्प्लीन खूप वाढलेली असेल, तर त्याचा हात तिच्यावरच असतो, म्हणून कडा लागत नाही. सुरुवात उजवीकडून, पोटाच्या खालच्या भागातून करायची असते. सरांना हे झोपेतही ठाऊक आहे. पण ते म्हणतात, “चूक. नेक्स्ट!” विषयाचं ज्ञान पुरेपूर आहे, तरी शिकवणं झालेलं नाही. ही गरज प्रश्नावलीत सापडत नाही. ती खाटेपाशी उभं राहिल्यावरच दिसते.

हा प्रश्न आता आणखी मोठा होणार आहे. वैद्यकीय अध्यापकांच्या पात्रतेच्या २०२५च्या नियमांनी २२० खाटांपेक्षा मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या, दहा वर्षं अनुभव असलेल्या तज्ज्ञांना सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट मोकळी केली. अध्यापकांचा तुटवडा पाहता ते समजण्यासारखं आहे. पण दहा वर्षं रुग्ण बरे करणं हा शिकवण्याचा अनुभव नव्हे.

उपाय खर्चिक नाही. सहकाऱ्याने वर्षातून दोनदा वर्गात आणि वॉर्डात बसावं. विद्यार्थ्यांना नाव न लिहिता बोलू द्यावं. परीक्षेत सगळी बॅच एकाच कौशल्यात अडखळत असेल, तर बोट शिकवण्याकडेही वळावं. अट एकच : या नोंदी गोपनीय अहवालात जाता कामा नयेत. तिथे गेल्या की माणूस उणीव दाखवत नाही, झाकतो.

विभागप्रमुखांनो, पुढची कार्यशाळा ठरवण्याआधी एक तास मागच्या बाकावर जाऊन बसा. विषय तिथेच मिळेल.